पहाटेचे टोल

भाचीच्या खोलीला मोरी नाही. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठात, ऐकून डोळे पांढरे होतील एवढी फी भरून, पोरगी सकाळी अंगावर जाड गाऊन चढवते, पायांत सपाता सरकवते, साबण-टॉवेल घेते आणि दार उघडते ते थेट उघड्यावर. मग लांबलचक ओसरीतून चालत, एखाद्या हौशी पर्यटकाच्या फोटोत येत, न्हाणीघराकडे जाते. थंडीत, पावसात, बर्फातसुद्धा. आणि ही शिक्षा नव्हे, बक्षीस आहे. या खोल्या शेवटच्या वर्षाच्या मोजक्या मुलांना मिळतात. अर्ज करावा लागतो, निवड होते, निवड झाली की मुलं घरी फोन करून रडतात. मनूही रडली होती. माझी ताई तेवढ्यात विचारून गेली, "ते सगळं छान गं, पण बाथरूम?"

गाव शार्लट्सव्हिल, राज्य व्हर्जिनिया, विद्यापीठाचं नावही व्हर्जिनिया विद्यापीठ. 1819 ची सनद, मार्च 1825 मध्ये पहिले वर्ग. (पुण्यात विश्रामबागवाड्यात एल्फिन्स्टनसाहेबाची पाठशाळा 1821 साली भरली, म्हणजे या बाबतीत आम्ही थोरले. मनूला हे सांगितलं तर म्हणाली, "मामा, तू पुण्याचा आहेस हे सगळ्यांना कळतं, सांगायची गरज नसते.") थॉमस जेफरसनचं हे म्हातारपणचं अपत्य. स्वतःच्या थडग्यावर कोणत्या तीन गोष्टी कोराव्यात हे त्यानं लिहून ठेवलं होतं. त्यात स्वातंत्र्याचा जाहीरनामा आहे, धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे आणि या विद्यापीठाचं पितृत्व आहे. आपण आठ वर्षं देशाचे राष्ट्राध्यक्ष होतो, हे त्याला तिथं नोंदवण्याजोगं वाटलं नाही.

त्याच्या मनात विद्यापीठ म्हणजे इमारत नव्हती, गाव होतं. मधे हिरवळीचं लांब अंगण, त्याला सगळे ‘लॉन’ म्हणतात. दोन्ही बाजूंना प्राध्यापकांची दहा दुमजली घरं. वर बिऱ्हाड, खाली वर्ग. दोन घरांच्या मधे विद्यार्थ्यांच्या एकेका दाराच्या खोल्या, लॉनवर एकूण 54. सगळ्यांना जोडणारी खांबांची ओसरी. अंगणाच्या डोक्याशी रोमच्या पँथिऑनवरून बेतलेला घुमट, ‘रोटंडा’. त्यात चर्च नाही, ग्रंथालय. त्या काळच्या अमेरिकेत हे केवढं धाडस होतं! अंगणामागे बागा, बागांना नागमोडी विटांच्या भिंती. एकाच विटेच्या जाडीच्या, आणि वळणांमुळेच उभ्या राहिलेल्या. त्यांच्याही मागे खोल्यांची आणखी एकेक रांग आणि सहा खाणावळी. त्या काळात त्यांना ‘हॉटेल’ म्हणत, पण काम खाणावळीचंच. एकात फ्रेंच कुटुंब असावं, एकात दुसऱ्या भाषेचं, म्हणजे पोरं जेवता जेवता परभाषा शिकतील, असं जेफरसनच्या मनात होतं. तशी कुटुंबं कुठून मिळायला! खाणावळी चालवल्या स्थानिक लोकांनीच, आणि पोरं तिथं जी भाषा बोलली ती शिकवण्याजोगी नव्हती.

मी पोचलो ऑक्टोबरात. पहिल्या रात्री साडेतीनला टक्क जाग. आपल्याकडे दुपारचा एक वाजून गेलेला, पोटाला कळतं ते. तास-दीड तास लोळून शेवटी जाकीट चढवलं आणि बाहेर पडलो. लॉनवर कुणी नव्हतं. ओसरीतले दिवे, दारांशेजारी नीट रचलेली लाकडं, डुलत्या खुर्च्यांवर दव, आणि हवेत जळक्या लाकडाचा वास, कारण प्रत्येक खोलीत अजून खरीखुरी शेकोटी आहे. आदल्या संध्याकाळी मनूनं मला ती पेटवून दाखवली होती. तीन वर्तमानपत्रं, अर्धा तास आणि एक शिवी एवढ्यात पेटली. "राख कोण काढतं?" मी विचारलं. "मीच की. बादली आहे ना." बादलीला तळाशी भोक होतं, त्यामुळे दारापासून वळणापर्यंत राखेची एक रांगोळी पडली होती.

चॅपेलजवळ चालताना पायाखाली काहीतरी वेगळं लागलं. फोनचा उजेड पाडला. जमिनीत बसवलेली एक पाटी. हेन्री मार्टिन. जन्म 4 जुलै 1826, माँटिचेलो. मृत्यू 1915. घंटा वाजवणारा.

तारीख पुन्हा वाचली. 4 जुलै 1826 हा जेफरसनच्या मृत्यूचा दिवस. जाहीरनाम्याला बरोबर 50 वर्षं झाली त्या दिवशी, इथून चार मैलांवरच्या डोंगरावरच्या आपल्या घरात, माँटिचेलोत, तो गेला. आणि त्याच दिवशी त्याच डोंगरावर गुलामांच्या वस्तीत हे पोर जन्मलं. म्हातारा डोक्यावर कर्जाचा डोंगर ठेवून गेला होता. सहा महिन्यांत लिलाव पुकारला गेला. जाहिरातीत घोडे, गुरं, धान्य यांच्या बरोबरीनं 130 गुलाम होते. हेन्री मार्टिन पुढे विद्यापीठात आला, यादवी युद्धानंतर स्वतंत्र माणूस म्हणून राहिला आणि 1909 पर्यंत, कित्येक दशकं, रोज पहाटे घंटा वाजवून पोरांना उठवत राहिला. मग दिवसभर तासांचे टोल. ऑक्टोबर 1895 मध्ये रोटंडाला आग लागली, तेव्हा धोक्याची घंटाही त्यानंच दिली.

मी तिथं बराच वेळ उभा राहिलो, त्याचं कारण हेन्री मार्टिन नव्हता. मला आमचे मामा आठवले होते.

आमच्या होस्टेलला घंटा नव्हती, रूळ होता. आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा, तारेनं आंब्याच्या फांदीला टांगलेला. मामा पाच वाजता त्यावर लोखंडी गजानं टोल द्यायचे. पाच नव्हे, तीस-चाळीस, एखादा दिवा लागेपर्यंत. परीक्षेच्या आधी आम्ही चौघांनी गज पळवला आणि पाण्याच्या टाकीमागे लपवला. दुसऱ्या दिवशी पहाटे थोडा वेळ शांतता होती. आम्ही अंथरुणात तोंडं दाबून हसत होतो. मग आवाज आला, निराळाच, भसाडा. मामा दगडानं वाजवत होते. आठ दिवस दगडानं वाजवत होते. गज हरवला म्हणून त्यांच्या पगारातून पैसे कापले गेले, हे आम्हाला नंतर कळलं. आणि कळूनही आम्ही गज परत नेऊन ठेवला नाही, कारण मग पकडले गेलो असतो.

तर हे सगळं डोक्यात असल्यामुळे असेल, पुढच्या आठ दिवसांत मनू वर्गात गेली की मी वाचत बसलो ते या एकाच गोष्टीच्या मागे लागून. या पोरांना कोण उठवत होतं, आणि ती उठत का नव्हती?

पहाटे उठण्याचा इथं चक्क नियम होता. उजाडताना विद्यार्थ्यानं उठलंच पाहिजे, कपडे करून तयार पाहिजे, खोली झाडायला मोकळी करून दिली पाहिजे. आणि ते पाहायला माणूस दारोदार फिरायचा. या नियमाचा पोरांना जितका संताप होता तितका दारूबंदीचाही नसेल. दारूबंदीला पळवाटा असतात. 1824 ची नियमावली वाचायला बहारीची आहे: आवारात दारू ठेवू नये, शस्त्र किंवा बंदुकीची दारू बाळगू नये, नोकर, घोडा वा कुत्रा ठेवू नये, वर्गात काठी घेऊन येऊ नये, वर्गात तंबाखू ओढू वा चघळू नये. नियम वाचून पोरं काय करत असतील ते कळतं, हे आपल्याकडच्या जिन्यातल्या ‘येथे थुंकू नये’वरून कुणालाही ठाऊक आहे. पुढे गणवेशही आला, करड्या कापडाचा, उधळपट्टी नको म्हणून. घरून आलेले पैसेसुद्धा विद्यापीठाच्या अधिकाऱ्याकडे जमा करायचे आणि त्याच्याकडून मागून घ्यायचे.

पोरं कोण होती? बहुतेक दक्षिणेतल्या जमीनदारांची. सोळा-सतरा-अठरा वर्षांची. तंबाखूच्या आणि कापसाच्या मळ्यांवर वाढलेली. घरात ज्यांनी कधी स्वतःच्या बुटाची नाडी बांधली नव्हती, पण पाच वर्षांचे असल्यापासून पन्नास वर्षांच्या माणसाला हुकूम सोडले होते, अशी. जेफरसनला ही जात पुरती माहीत होती, कारण तो त्याच जातीचा. त्यानं फार आधी, 1780 च्या दशकातच, लिहून ठेवलं होतं की मालक गुलामावर संतापतो ते मूल बघतं, तसाच चेहरा करतं आणि रोजच्या रोज जुलमाची तालीम घेत मोठं होतं. एवढं नेमकं निदान करणारा माणूस त्याच पोरांसाठी विद्यापीठ काढतो, त्यांच्यावर फार बंधनं नकोत, ती स्वतःच स्वतःवर राज्य करतील असं मानतो, आणि त्यांच्या दिमतीला पुन्हा गुलामच ठेवतो! या माणसाशी भांडावं की त्याची कीव करावी, हे मला आठ दिवसांत ठरवता आलं नाही.

पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत दंगा झाला. ऑक्टोबर 1825. प्राध्यापकांतले बरेचसे जेफरसननं मुद्दाम इंग्लंडहून मागवलेले. त्यातले काही पंचविशीतले, म्हणजे विद्यार्थ्यांहून फार मोठे नव्हेत. आदल्या रात्री कुणीतरी एकाच्या खिडकीतून मूत भरलेली बाटली आत फेकली. दुसऱ्या रात्री चौदा पोरं तोंडं झाकून लॉनवर आली, ‘युरोपियन प्राध्यापक मुर्दाबाद’ अशा अर्थाच्या आरोळ्या ठोकत. दोन प्राध्यापक बाहेर आले, त्यांनी एकाला धरलं. त्यावर विटा आणि काठ्या. सकाळी चौकशी सुरू झाली तर 65 विद्यार्थ्यांनी सही करून कळवलं की दोष प्राध्यापकांचाच आहे आणि आम्ही कुणाचंही नाव सांगणार नाही. दोन इंग्रज प्राध्यापकांनी तिथल्या तिथे राजीनामे लिहिले.

मग 3 तारखेला रोटंडात सगळ्यांना बोलावलं. घुमटाचं काम अजून पुरं व्हायचं होतं. समोर शंभराच्या आसपास पोरं, टेबलामागे नियामक मंडळ, त्यात दोन माजी राष्ट्राध्यक्ष, मॅडिसन आणि जेफरसन. जेफरसन 82 वर्षांचा, आजारी. तो उठला, आयुष्यातल्या सर्वांत दुःखद प्रसंगांपैकी हा एक आहे एवढं बोलला, आणि पुढे त्याला बोलता येईना. भरून आलं. तो खाली बसला. दुसऱ्या सदस्यानं उठून, ज्यांनी हे केलं त्यांनी पुढे यावं, असं सांगितलं. आणि आदल्या दिवसापर्यंत नाव न सांगणारी पोरं एकेक करून उठू लागली. त्यात जेफरसनच्या नात्यातलाही एक निघाला. म्हाताऱ्याचं रडणं तेव्हा संतापात बदललं म्हणतात. त्या मुलासकट काहींना काढून टाकलं.

वाचताना मला त्या खोलीतल्या दाराशी कुणी उभं होतं का, हा प्रश्न पडत राहिला. मेणबत्त्यांची काजळी पुसायला, म्हाताऱ्याला पाणी आणून द्यायला. कुणीतरी असणारच. पण ते लिहिण्याची गोष्ट नव्हती.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी 1826 मध्ये, सतरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला, पुढे भयकथा आणि कवितांसाठी गाजलेला लेखक. एडगर अ‍ॅलन पो. मागच्या रांगेत, वेस्ट रेंजमध्ये, 13 नंबरची त्याची खोली काचेच्या दाराआड जपून ठेवली आहे. पलंग, टेबल, शेकोटी. मी गेलो तेव्हा एक शाळकरी पोरगा काचेला नाक चिकटवून आईला विचारत होता, "एवढंच?" पोचं खरं दुखणं पैशाचं होतं. पालनकर्त्यानं हातावर 110 डॉलर ठेवून पाठवलं आणि वर्षाचा खर्च कमीत कमी 350, असं त्यानं पुढे एका पत्रात चिडून मांडलंय, एकेक रकमेसकट: जेवणाचे 50 आगाऊ, दोन प्राध्यापकांचे 60, खोलीभाडं 15, पलंगाचे 12, बाकी सामानाचे आणखी 12. घरापासून लांब शिकायला राहिलेल्या कुणालाही हा हिशेब ओळखीचा वाटेल. तूट भरून काढायला तो पत्ते खेळला आणि सुमारे 2000 डॉलर हरला. डिसेंबरात शिक्षण संपलं. जाताना खोलीतलं सामानच शेकोटीत जाळून ऊब घेतली अशी आख्यायिका आहे.

पण त्याचं सप्टेंबर 1826 चं पत्र मला जास्त आवडलं, कारण ते इतकं पोरकट आहे. आधी परीक्षा जवळ आल्याची धास्ती. मग रोटंडाचे खांब उभे राहिले, पुस्तकं ग्रंथालयात हलवली, ही खबर. आणि मग हल्ली इथं मारामाऱ्या फार होतात, असं म्हणून तो सांगतो की एका विद्यार्थ्यानं दुसऱ्याचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत चावून काढला, माझ्या दारासमोरच, तळहाताएवढे मांसाचे तुकडे आता कापावे लागतील. एका दमात खांब, पुस्तकं आणि मांस. घरच्यांना पत्र लिहिताना सतरा वर्षांचं मूल हेच करतं.

पुढची पंधरा वर्षं थोडक्यात सांगतो, कारण तेच ते आहे. पिस्तुलं, जुगार, रात्री तोंडं झाकून शिंगं-डबे वाजवत काढलेल्या मिरवणुका. 1836 साली विद्यार्थ्यांच्या लष्करी पथकाच्या बंदुकांवरून मोठा दंगा. 1839 साली दोघांनी गेसनर हॅरिसन या प्राध्यापकाला चाबकानं मारलं. हॅरिसन याच विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी! या चाबकावर मी अडलो. पोरांच्या हाताला सवयीची वस्तू तीच होती. जो वरचढपणा करील त्याला खाली दाखवायचं तर ते कशानं दाखवायचं, हे घरी शिकून झालं होतं. उजाडताना दार ठोठावून ‘उठा’ म्हणणं हा यांना अपमान का वाटत होता, तेही इथं मला उमगलं. हुकमानं उठणारी माणसं त्यांच्या जगात एकाच रंगाची होती.

त्या माणसांची पहाट कशी होती? विद्यार्थ्यांना स्वतःचा गुलाम आणायला बंदी, पण त्याचं कारण दया नव्हे. खाणावळवाल्यानं गुलाम पुरवायचे अशी व्यवस्थाच होती. एकेकाच्या वाट्याला वीसेक विद्यार्थी. म्हणजे नियमाप्रमाणे पोरगा उजाडताना उठायचा, त्याच्या आधी हा माणूस उठलेला. विहिरीचं पाणी शेंदून खोल्या-खोल्यांत पोचवायचं. रात्रीची भांडी उचलायची. कालची राख काढायची, शेकोटी पेटवायची, बूट पुसून दाराशी ठेवायचे, अंथरुणं आवरायची. वीस खोल्या. मनूला एक शेकोटी पेटवायला अर्धा तास लागला होता, तोही बादलीला भोक असताना. आणि पाणी उशिरा आलं, बूट नीट चमकले नाहीत, उलट उत्तर दिलं, एवढ्यावर मार बसे. 1838 साली दोन विद्यार्थ्यांनी बॉनीकॅसल या प्राध्यापकांच्या फिल्डिंग नावाच्या गुलामाला मारलं. प्राध्यापक मधे पडले तर पोरांनी उलट त्यांनाच सुनावलं. कोर्टात जाण्याचा प्रश्न नव्हता. व्हर्जिनियाच्या कायद्यात गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष चालतच नव्हती.

घंटेचंही तसंच. हेन्री मार्टिनच्या आधी घंटा देणाऱ्याचं नाव ल्युइस कमोडोर. 1832 साली त्याचा लिलाव झाला आणि प्राध्यापकांनीच त्याला 580 डॉलरना विद्यापीठासाठी विकत घेतलं. रोटंडाची किल्ली, झाडलोट, ग्रंथालय आणि घंटा, सगळं त्याच्याकडे. ज्यांच्या साठ डॉलर फीपायी पोसारखे विद्यार्थी रडत होते, त्यांनीच केलेली ही खरेदी. ग्रीक-लॅटिन शिकवणारी माणसं अशा वेळी आपापसांत कोणत्या भाषेत बोलत असतील, कोण जाणे.

12 नोव्हेंबर 1840 च्या रात्री दंग्याच्या वाढदिवसाचा दंगा चालू होता. होय, 1836 च्या दंग्याची पोरं दरवर्षी जयंती करत. कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस गोळीबाराचा आवाज ऐकून आपल्या घराबाहेर आले. तोंड झाकलेल्या एकाला त्यांनी धरलं, मुखवटा ओढायला हात घातला, आणि त्यानं गोळी घातली. दोन दिवसांनी डेव्हिस गेले. या वेळी मात्र विद्यार्थी स्वतःच शोधाला निघाले आणि त्यांनी त्या पोराला धरून दिलं. जामिनावर सुटून तो पळाला ती गोष्ट वेगळी. त्यानंतर काहीतरी सैल झालं. जुलै 1842 मध्ये ठरलं की परीक्षेत पोरांवर पहारा करायचा नाही. प्रत्येकानं उत्तरपत्रिकेवर फक्त लिहून द्यायचं, मी कुणाची मदत घेतलेली नाही, हे माझ्या इमानावर. गणवेश आणि पहाटे उठण्याची सक्तीही त्या दशकात मागे पडली.

ही शपथ आजही आहे. मनू प्रत्येक पेपरावर लिहिते. मी विचारलं, "आणि कुणी कॉपी केलीच तर?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. व्यवस्था चांगलीच आहे. मी काही तिरकस बोलणार नव्हतो. मला फक्त एवढं दिसत होतं की ज्यांच्या शब्दावर 1842 साली विश्वास टाकायचं ठरलं, त्यांच्या खोलीतली राख काढणाऱ्याचा शब्द त्याच वर्षी, त्याच गावातल्या कोर्टात, उच्चारायलाही बंदी होती. आणि बाईचा शब्द? 1893 साली कॅरोलाइन प्रेस्टन डेव्हिस नावाच्या तरुणीनं इथली गणिताची परीक्षा दिली. वर्गात बसायची परवानगी नव्हती, पास झाली तेव्हा पदवीपत्राऐवजी नुसता दाखला दिला. मुलींना मुलांसारखा सरसकट प्रवेश मिळाला तो 1970 साली. मनूच्या खोलीत दीडशे वर्षं मुलगी शिरली असेल ती झाडायलाच.

शेवटच्या दिवशी मनू मला उजाडतानाच घेऊन गेली. "आत्ताच यायला हवं, नंतर दिसत नाही," म्हणाली. रोटंडापासून थोडं खाली हिरवळीत ग्रॅनाइटची एक मोठी गोल भिंत आहे, एका बाजूनं उघडी. 2020 साली बांधलेली. तिचा व्यास साधारण रोटंडाच्या घुमटाएवढाच, मुद्दाम. 1817 पासून 1865 पर्यंत या आवारात राबलेल्या गुलामांचं स्मारक. ते चारेक हजार असावेत. बाहेरच्या खडबडीत दगडावर मला काहीच दिसेना. मग ऊन तिरपं आलं आणि दगडात दोन डोळे उमटले. इसाबेला गिबन्सचे. ती इथं एका प्राध्यापकाच्या घरी स्वयंपाक करायची, चोरून वाचायला शिकली, आणि सुटका झाल्यावर याच गावात मुक्त झालेल्यांच्या शाळेत शिक्षिका झाली. ऊन वर चढलं तसे डोळे पुन्हा दगड झाले.

आतल्या बाजूला नावं. नावं म्हणजे बहुधा पहिलीच, आडनाव कुणाला लावणार? 578 जणांची नावं सापडली. आणखी 311 जणांचं नाव नाही, पण काय काम करत किंवा कुणाचे कोण होते एवढं कागदात सापडलं. तिथं तेवढंच कोरलंय. स्वयंपाकी. गवंडी. आई. मुलगी. बाकी तीन हजारांच्या वर माणसांसाठी दगडात नुसती खाच. नखानं ओढल्यासारखी, एकेक आडवी रेघ. दव पडलं होतं, ते त्या खाचांतून ओघळत होतं. मी एका खाचेत बोट घातलं. पेरभरही जात नाही.

"मामा," मनू म्हणाली, "तुझ्या त्या रूळवाल्या मामांचं नाव काय होतं?"

गजाची गोष्ट मी तिला आदल्या रात्रीच सांगितली होती. ती हसली होती आणि मग हसायची थांबली होती. आता मी तोंड उघडलं आणि काही येईना. आमच्या मामांची गोष्ट वेगळी, हे मला कळतं. ते पगारी होते, संध्याकाळी सायकलवर टांग मारून घरी जायचे, दिवाळीला पोस्त मागायचे, रागावले तर आमच्या आयांचा उद्धार करायचे. त्यांना कुणी विकत घेतलं नव्हतं. पण चार वर्षं रोज पहाटे त्यांनी मला उठवलं आणि मला त्यांचं नाव येत नव्हतं. आम्ही सगळे मामाच म्हणायचो. मनू मला म्हणते तसं.

परत तिच्या खोलीवर येऊन मी जुन्या रूम पार्टनरला फोन लावला. तो नाशिकला असतो. तिकडे संध्याकाळ झाली होती; मागे कुकरच्या शिट्या ऐकू येत होत्या.

"कोण मामा?" तो म्हणाला. "हां, रूळवाले! अरे, मामाच ना. मामा म्हणजे... थांब, पगाराच्या कागदावर पाहिलं होतं मी एकदा. ‘श’वरून काहीतरी. शेवाळे? शेवते?"

"आठव."

"आठवतो. पण तुला आत्ता एकदम काय झालं? आणि काय रे, तो गज आपण पुढे काढला का तिथून?"

मनू बादली घेऊन राख टाकायला निघाली होती. मी फोन कानाला तसाच ठेवून तिच्या हातातून बादली घेतली.